केसतूड, गोळ्या आणि न जुमानणारे जंतू

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. आयुष्यमान आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांच्या अंगावर फोड उठले होते. त्यातील स्रावाने चीवर अंगाला चिकटे आणि इतर भिक्खू ते पाण्याने भिजवून भिजवून सोडवीत. भगवान बुद्धांनी ते पाहिले व अशा रुग्णांना औषधी चूर्ण वापरण्याची अनुज्ञा दिली. फोड झाकण्यासाठी वेगळ्या वस्त्राचीही परवानगी विनयात आहे. स्वच्छ करणे आणि झाकणे, डॉक्टर आजही हेच सांगतात.

आमच्या ईटला मात्र केसतूड आले की पहिली धाव गोळीकडे. दोन खाल्ल्या, ठणका थांबला, उरलेल्या डब्यात! आमच्याच घरात हे घडले. पुतण्याच्या मांडीला गळू झाले. आठवड्यात दोनदा वेगवेगळ्या गोळ्या आणल्या, चिठ्ठीवाचून. वहिनींनी ते पिळूनही पाहिले. आठव्या दिवशी ताप चढला, लाली गुडघ्यापर्यंत उतरली. तेव्हा बार्शी गाठली. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला व थोडा तपासणीस पाठविला. तिसऱ्या दिवशी कागद आला. जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आणि औषधांच्या यादीत निम्म्याअधिक नावांपुढे 'रेझिस्टंट', म्हणजे हे औषध चालणार नाही.

हा जंतू काही परका नव्हे. साधारण तिघांतील एका निरोगी माणसाच्या नाकात तो बिनतक्रार राहतो, कातडी फाटली की आत शिरतो. १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले तेही याच जंतूच्या ताटलीत उगवलेल्या बुरशीमुळे. पुढे आपल्या पिंपरीतही हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागले. पण जंतू तोवर शहाणा झाला होता. पेनिसिलिन तोडणारा रस तो स्वतःच तयार करू लागला. १९५९ मध्ये मेथिसिलिन आले. दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, त्यालाही न जुमानणारा जंतू इंग्लंडमध्ये आढळला. त्यालाच एमआरएसए म्हणतात. आज तो भारतातील इस्पितळांत सर्रास सापडतो, इस्पितळाबाहेरही फिरतो.

औषधाने दुबळे जंतू मरतात, निभावून गेलेले वाढतात. नको तिथे, चुकीची वा अर्धवट गोळी घेतली की त्यांचेच फावते. सर्दीपडशावर तर या गोळ्यांचा उपयोगच नाही, कारण ते दुखणे विषाणूंचे. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

एमआरएसए म्हटले की घाबरून जाण्याचेही कारण नाही. लहान गळू पू निघाल्यावर पुष्कळदा गोळीशिवाय बरे होते. मात्र चीर डॉक्टरांनीच द्यावी, घरी सुई-ब्लेड नको. गरम पाण्याचा शेक चालतो. ताप, पसरणारी लाली, नाकाडोळ्याजवळचे गळू, मधुमेह किंवा तान्हे मूल असेल तर एक दिवसही थांबू नये. आजार वाढला तर लागणारी व्हॅन्कोमायसिन, लिनेझोलिड ही औषधे आहेत, पण ती तपासणीचा कागद पाहून डॉक्टरांनी ठरवायची.

पुतण्याची जखम भरायला तीन आठवडे लागले. पट्टी बदलण्याआधी आणि नंतर वहिनी साबणाने हात धूत. टॉवेल, वस्तरा आणि अंथरूण वेगळे केले, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकले. घरात दुसऱ्या कुणाला गळू झाले नाही. डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मात्र वहिनींनी आमच्यासमोरच काढून टाकल्या.