कुत्र्याच्या पिलांचे पहिले आठ आठवडे

पावसाळा सरून थंडी पडूं लागली कीं जिन्याखालीं, वखारीमागें, बांधकामाच्या वाळूंत कुत्र्यांचीं पिलें दिसूं लागतात. गेल्या हिवाळ्यांत सातवीच्या एका विद्यार्थ्यानें वखारीमागचें असेंच एक पिलूं मफलरांत गुंडाळून दप्तरांतून वर्गांत आणिलें. त्याचे डोळे अद्याप उघडले नव्हते. मुलाच्या मनांत केवळ दया होती. तथापि चौथ्या दिवशीं पिलूं मेलें. "सर, मीं त्याला रोज गाईचें दूध पाजलें, मग तें कां मेलें?" असें त्यानें मला विचारिलें. तेव्हां मीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. तें येथें नीट देतों.

आईच्या पोटांत सुमारें ६३ दिवस वाढून पिलूं जन्मतें, तरी तें अपुरेंच असतें. डोळे मिटलेले, कान बंद. वास व स्पर्श या दोहोंवरच देवानें त्याचा सारा व्यवहार सोंपविलेला. थंडीनें कुडकुडण्याची शक्तिहि त्यास नसते. मोठ्या कुत्र्याच्या शरीराची उष्णता ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. नवजात पिलाची ३५-३६ च्या आसपास, आणि तीहि आईच्या कुशीची व भावंडांच्या ढिगाची उसनी. पिलूं गार पडलें कीं त्याचें पचन मंदावतें, आणि अशा वेळीं पाजलेलें दूध पोषण न करितां अपायच करितें. शिवाय कुत्रीच्या दुधांत स्निग्धांश व प्रथिनें गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते: पहिले दोन-तीन आठवडे पिलास आपण होऊन मलमूत्रविसर्जन करितां येत नाहीं; आई पोटाखालीं चाटते तेव्हांच तें घडतें. त्या मफलरांत थोडी ऊब होती, पण आईची जीभ नव्हती.

आईजवळ मात्र वाढ झपाट्यानें होते. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट होतें. पिलूं बहुतेक वेळ झोपतें व झोपेंत पाय झटकतें. तें दुखणें नव्हे. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, मग थोड्याच दिवसांत कान. तिसऱ्या आठवड्यांत तें डळमळत उभें राहतें, शेपूट हालवूं लागतें, आणि दुधाचे दांत फुटूं लागतात. ते एकंदर २८. दांत टोंचूं लागले कीं आई मध्येंच उठून जाते. लोक तिला निर्दय म्हणतात, परंतु त्यामुळेंच पिलें इतर अन्नाकडे वळतात. भावंडांच्या कुस्तींत एकानें जोरानें चावलें कीं दुसरें किंचाळतें व खेळ थांबतो. किती जोरानें चावावें हें पिलूं असें शिकतें. एकटें वाढलेलें पिलूं हें कोठें शिकणार?

मग माणसाची ओळख केव्हां व्हावी? १९६१ सालीं फ्रीडमन, किंग व इलियट या अमेरिकन संशोधकांनीं उंच कुंपणाच्या मैदानांत पिलें वाढवून आपला प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं पिलांस निरनिराळ्या वयांत एकेक आठवडा माणसांच्या सहवासांत आणिलें. कांहींस चौदा आठवडे माणूस भेटूंच दिला नाहीं. हीं शेवटचीं पिलें पुढें जवळजवळ रानटीच राहिलीं. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून, आई करूं देईल तर, पिलांस रोज थोडें हाताळावें. घरीं मात्र आठ आठवड्यांनंतरच आणावें. भारत सरकारच्या २०१७ च्या नियमांनींहि आठ आठवड्यांच्या आंतील पिलांची विक्री मना केली आहे.

पालकांस एक विनंती. पिलांच्या पोटांत बहुधा आईकडूनच जंत आलेले असतात व ते मुलांसहि बाधतात. हात धुवावेत, पशुवैद्याकडून औषध व लशी द्याव्यात. पिलूं चावलें किंवा त्याचा दांत नुसता ओरखडला, तरी जखम पंधरा मिनिटें साबणानें धुवून त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. 'लहानच तर आहे' असें म्हणूं नये.

यंदा त्याच वखारीमागें पांच पिलें झालीं आहेत. तो मुलगा आतां आठवींत आहे. तो त्यांच्या आईला रोज भाकरी घालतो आणि पिलांचे दिवस वहींत मांडतो. परवां मधल्या सुटींत येऊन त्यानें सांगितलें, "सर, सव्वीस झाले."