पिकअपची थरथर

प्रश्न : चारही चाकांचे बॅलन्सिंग करूनही माझा जुना पिकअप साठच्या पुढे थरथरतो. दोष कुठे असावा?

उत्तर : मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात गिअर न्यूट्रलवर आणूनही थरथर कायम राहिली, तर इंजिन बेकसूर समजावे, पुढच्या चाकाचा दोष स्टिअरिंगमध्ये संथ डोलतो, परंतु चाकाच्या सुमारे चौपट फेरे घेणारा प्रॉपेलर शाफ्ट बिघडला, म्हणजे आसनाखाली सूक्ष्म कंप उठतो. चाकांना दगड लावून शाफ्ट हाताने पिळावा, आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस किंचितही हलला अथवा त्याच्या टोपीभोवती तांबूस भुकटी आढळली, तर तो बिनदिक्कत बदलावा. मात्र शाफ्ट उतरवण्यापूर्वी स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर खुणा करून घ्याव्यात, कारण हा जॉइंट चुकीच्या दात्यात बसला, तर नव्या क्रॉसनंतरही कंप राहतो. ही गफलत कसबी मिस्त्रींकडूनही होते. सेंटर बेअरिंगचे रबर त्याच वेळी तपासून घ्यावे.