‘चांगली बाई’ कुठून येणार?

मार्चमध्ये मुलुंडहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या आईला डिमेन्शिया आहे. रात्री उठते, दाराची कडी काढते आणि ‘गावाला निघाले’ म्हणते. ‘मॅडम, तुमच्या ओळखीत कुणी चांगली बाई आहे का? नर्सिंग ब्युरोच्या तीन बायका झाल्या, एकही टिकली नाही.’ जूनमध्ये तेच गृहस्थ करिअरच्या सल्ल्यासाठी मुलीला घेऊन माझ्यासमोर बसले. मुलगी कला शाखेची, बारावीला ६१ टक्के. आजीचं जेवण, आंघोळ, औषधं वर्षभर तिच्याचकडे होती. तिनं खाली मान घालून विचारलं, ‘पेशंट केअरमध्ये काही करता येईल का?’ मी उत्तर द्यायच्या आत वडील म्हणाले, ‘हिला जरा समजवा. लोकांची घाण काढायला का शिकवलं आम्ही हिला?’

आपल्या आईसाठी चांगली बाई हवी, पण ती दुसऱ्या कुणाची तरी मुलगी असावी. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत हे मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकते. म्हणून यंदा याच एका विषयावर लिहिते आहे.

दर जूनच्या बाकी प्रश्नांची उत्तरं थोडक्यात देते. २०२४ मध्ये नीटसाठी २४ लाखांच्या आसपास मुलांनी नोंदणी केली होती आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं असेल तर एक वर्ष जरूर द्या. तिसऱ्या खेपेला बसवण्याआधी मात्र मुलाला एकट्याला गाठून विचारा, आणि त्याचं उत्तर ऐका. इंजिनिअरिंगच्या शाखेपुढे ‘एआय’ लावलंय म्हणून धावू नका, तिथं शिकवतं कोण ते बघा. कॉमर्सवाल्यांनी सीएची नोंदणी शेजारच्या मुलाकडे बघून करू नये. एवढं पुरे.

आता ‘घाण’ या शब्दाबद्दल.

माझी आई घाटकोपरला आमच्याच घरी चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. सुरुवातीला एका ब्युरोनं पाठवलेली बाई स्वभावानं चांगली होती, पण तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. आई आडवी असतानाच ती चमच्यानं पेज भरवायची. मलाही त्यातला धोका कळत नव्हता. एका दुपारी ठसका लागला, पेज श्वासनलिकेत गेली, न्यूमोनिया झाला आणि आईला बारा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. त्या बाईला मी दोष देत नाही. तिला न शिकवता कामावर धाडणाऱ्यांना आणि चौकशी न करता घरात घेणाऱ्या मला देते.

नंतर आलेली ताई प्रशिक्षित होती. पहिल्या दिवशी तिनं आईची कूस बदलली ते मी दारात उभं राहून पाहिलं. आधी कानाशी जाऊन सांगितलं, ‘आजी, आता खिडकीकडे वळायचंय हं.’ मग एक हात खांद्यावर, एक कमरेवर ठेवला. ओढणं नाही, खेचणं नाही. अंगाखाली आडवी घातलेली दुमडलेली चादर धरून तिनं सगळं शरीर एकदम वळवलं, कारण म्हातारी कातडी चादरीवर घासली तरी सोलवटते. माकडहाडापाशी लाली दिसली. तिथं बोटानं दाबून, बोट काढल्यावर जागा पांढरी पडते का ते पाहिलं. पडली. ‘अजून वेळ आहे,’ म्हणाली. दाबूनही लाली हटली नसती तर बेडसोरची सुरुवात समजायची. दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीपासून अधांतरी, आणि भिंतीवरच्या कागदावर वेळ लिहिली. दोन तासांनी पुन्हा हेच, रात्रीसुद्धा. भरवताना आईला टेकवून बसवायची आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायची नाही.

याला ‘घाण काढणं’ म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातली गोष्ट आठवावी. अरुणा शानबाग तिथल्याच परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर त्या १८ मे २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी आणि आयांनी त्यांना ४१ वर्षांहून अधिक काळ सांभाळलं आणि बेडसोर होऊ दिला नाही. त्यांच्याविषयीच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या शुश्रूषेची मुद्दाम दखल घेऊन प्रशंसा केली. पिढ्या बदलल्या, पण कूस बदलणारे हात थांबले नाहीत.

डिमेन्शियाचं काम याहून वेगळं आहे, आणि मला विचाराल तर अधिक कठीण. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानं मांडला. आपल्या उपनगरांत या माणसांची मुलं बंगळुरूला, न्यू जर्सीला, नाहीतर सकाळी ७.५२ च्या लोकलमध्ये. दिवेलागणीच्या सुमाराला आजी अस्वस्थ होतात आणि स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. आपण चिडून सांगतो, ‘अगं, हेच तुझं घर!’ शिकलेली मदतनीस वाद घालत नाही. ‘घरी कोण कोण आहे, आजी?’ एवढंच विचारते. मग आजी विहिरीबद्दल, आईबद्दल, गोठ्याबद्दल बोलू लागतात आणि संध्याकाळ निभते.

इथं भाषा कामाला येते. नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, बालपणीची बरीच टिकते. माझी आई शेवटी मालवणीतच बोलायची. घाटकोपरच्या गुजराती बांना, मुलुंडच्या कोकणी आजोबांना, अंधेरीच्या कॅथलिक आँटींना त्यांच्या बोलीत ‘पाणी हवं का’ विचारणारं माणूस हवं असतं. चाळीत वाढलेल्या आमच्या मुला-मुलींना दोन-तीन भाषा सहज येतात. ही शिदोरी कुठल्याच गुणपत्रिकेवर दिसत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट पाहिला नसेल तर घरच्यांबरोबर पाहा. त्यात मोहन आगाशे यांनी साकारलेल्या, स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताला माहुताची बायको लेकरासारखं सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि मरणाच्या दारातला रुग्ण. देशातलं पहिलं हॉस्पिस आपल्याच वांद्र्यात, माउंट मेरीजवळ, १९८६ मध्ये सुरू झालं, शांती अवेदना सदन. पुण्यात वारजे इथं सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना मोफत सांभाळतं. बरं करणं संपलं तरी सांभाळणं संपत नाही, हे तिथं शिकायला मिळतं. आधुनिक हॉस्पिस चळवळ उभी करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. लंडनचं त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स १९६७ चं. माझ्या आईच्या शेवटच्या रात्री नातेवाईक गंगाजळाची वाटी घेऊन आले. आई गिळू शकत नव्हती. ताईनं कुणाला ‘नको’ म्हटलं नाही. कापसाचा बोळा त्या पाण्यात बुडवून, पिळून, प्रत्येकाच्या हातात दिला आणि ओठांवरून कसा फिरवायचा ते दाखवलं. सगळ्यांचं पाणी पोहोचलं, आईला ठसका लागला नाही. हे करणाऱ्या व्यक्तीला काय म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

या कामाला समाज पूर्वीही नाकं मुरडत होता. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि पुढे तिथल्या विधवा, परित्यक्ता मुलींना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. परक्या पुरुषाला, परक्या जातीच्या माणसाला हात लावायचा म्हणून लोकांनी विरोध केला. त्याला शंभरावर वर्षं झाली. शब्द बदलले, आढी तीच आहे.

आता रस्ता. दहावीनंतर ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ हे कौशल्य विकास योजनेतले काही महिन्यांचे अभ्यासक्रम असतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा ‘रुग्णसहायक’ अभ्यासक्रमही आहे, त्याचं जवळचं केंद्र यंदा सुरू आहे का ते विद्यापीठाकडेच विचारा. प्रवेशाआधी माझा एकच प्रश्न असतो: प्रत्यक्ष वॉर्डात किती दिवस उभं करणार? नुसत्या वर्गात पुतळ्यावर शिकवत असतील तर पैसे देऊ नका.

पण मुलांनो, तिथंच थांबू नका. नुसत्या प्रमाणपत्रावर पगार तुटपुंजा राहतो. बारावी सोडू नका. इंग्रजीसह कोणत्याही शाखेची बारावी किमान ४० टक्क्यांनी झाली असेल तर तीन वर्षांचं जीएनएम करता येतं. मुलींना दोन वर्षांचं एएनएम आहे. विज्ञान आणि जीवशास्त्र असेल तर सीईटी देऊन चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. हे पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळाली की तुम्ही परिचारिका होता. तोवर इंजेक्शन, सलाईन, नळी घालणं या गोष्टींना हात लावायचा नाही, घरच्यांनी कितीही गळ घातली तरी. मुलग्यांनीही हे वाचावं. ऐंशी किलोच्या पक्षाघात झालेल्या आजोबांना उचलून कमोडवर बसवणारा शिकलेला मुलगा मिळता मिळत नाही.

ब्युरोकडून काम घेताना तीन गोष्टी लेखी मागा: ड्युटी किती तासांची, सुट्टी कधी, आणि रुग्णाच्या घरून मिळणाऱ्या पैशांतले किती तुमच्या हातात येणार. चोवीस तासांच्या ड्युटीत झोपेची जागा आणि वेळ ठरवून घ्या. मुलींसाठी आणखी एक. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कुणाचं राहतं घरही ‘कामाची जागा’ धरलं आहे. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातल्या स्थानिक समितीकडे करता येते. उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे.

आणि आता दुसऱ्या टोकाचे पालक. ‘हिला नर्सिंगला टाका, जर्मनीला जाईल.’ महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला तेव्हापासून असे फोन वाढलेत. तिथं परिचारिका म्हणून काम करायला नर्सिंगची पदवी किंवा पदविका लागते आणि जर्मन भाषेच्या परीक्षा खरोखर पास व्हाव्या लागतात. जपानला केअरगिव्हर म्हणून जायचं तर जपानी भाषेची आणि शुश्रूषेची परीक्षा आहे. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर युरोप दाखवणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा, आणि कुठलाही एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का ते आधी बघा. ज्या मुलीला उलटीच्या वासानं भोवळ येते, जिला आजारी माणसाजवळ बसवत नाही, तिला युरोच्या हिशेबानं या कामात ढकलणं हा तिच्यावर अन्याय आहे आणि तिच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक रुग्णावरही.

म्हणून मी मुलांना आधी आठवडाभर घरच्या नाहीतर शेजारच्या एखाद्या आजी-आजोबांचं सगळं करायला सांगते. नखं कापणं, कवळी धुणं, तोच प्रश्न अकराव्यांदा आला तरी पहिल्यांदा आल्यासारखं उत्तर देणं. आठवड्यानं परत ये आणि सांग.

मुलुंडच्या त्या मुलीला हे सांगायची गरज नव्हती, तिचं वर्षभर झालं होतं. तिच्या वडिलांना मी विचारलं, ‘तुमची आई रात्री कडी काढते, त्याच्या आधी काय करते?’ त्यांना माहीत नव्हतं. मुलगी म्हणाली, ‘आधी बाथरूम शोधते. अंधारात सापडत नाही, मग दाराकडे जाते.’

मी म्हटलं, बाथरूमच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा आणि त्याचं दार उघडंच राहू दे. झोपायच्या आधी आठवणीनं नेऊन आणा. मुख्य दारावर भिंतीच्याच रंगाचा पडदा लावा आणि कडीला छोटी घंटा बांधा, म्हणजे तुम्हाला जाग येईल. तिला बाहेरून कोंडू नका.

मुलगी ऐकत होती. वडिलांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, ‘पडद्याचं पुन्हा सांगा.’