घाट चढला की उतार नाही

तामलवाडीतलं, हायवेला लागून असलेलं चहाचं हॉटेल. कोजागरीच्या आदल्या दिवशीची पहाट. सोलापूरकडून तुळजापूरला पायी निघालेल्यांची रांग तुटत नाही, त्यामुळं दत्ताचा टेम्पो कडेला लावलेला. भिंतीवर कुठल्याशा खताच्या दुकानाचं कॅलेंडर. त्यावर बर्फाचा सुळका आणि पायथ्याशी लाकडी घरांचं गाव. आयुष्यभर भूगोल शिकवलेले गुरुजी चहा बशीत ओतताहेत.

दत्ता : गुरुजी, जानेवारीपासून हे चित्र बघतोय. असल्या बर्फात गाव वसवलंच कशाला असंल?

गुरुजी : तो सुळका मॅटरहॉर्न, 4,478 मीटर. खालचं गाव झेरमॅट, स्वित्झर्लंडातलं, सोळाशे मीटरवर. उन्हाळ्यात तिथं मेंढ्या चरतात. बर्फ बघायला पाहुणे येतात, राहणारे मात्र सहा हजारांच्या आतबाहेर.

दत्ता : मग ग्रामपंचायत असंल.

गुरुजी : त्यांच्यात ग्रामपंचायत वेगळी, नगरपालिका वेगळी असं नाही. लहानमोठं सगळं एकाच मापाचं. पण हद्द ऐक. 242 चौरस किलोमीटर! मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या जवळपास निम्मी.

दत्ता : सहा हजार माणसांना? प्लॉट पाडून विकत का नाहीत?

गुरुजी : काय विकणार, हिमनदीचा सातबारा? त्यांच्या दप्तरात जमिनीच्या चार वाटण्या असतात: वस्ती, शेती, जंगल आणि चौथी अनुत्पादक. खडक, बर्फ, पाणी, सगळं त्या चौथीत. तुझ्या उताऱ्यावर पोटखराबा आहे ना?

दत्ता : सात गुंठे. वढ्याच्या काठचा.

गुरुजी : त्या गावाचा बहुतेक भाग पोटखराबाच आहे. म्हणून घनता काढलीस तर चौरस किलोमीटरला पंचवीस माणसं येतात. गणित चोख. गल्लीत गेलास तर मात्र घराला घर चिकटलेलं. पुस्तकातली घनता वाचताना मी पोरांना आधी हेच विचारायचो, की बाबांनो, भागाकारात खडक धरलाय का?

दत्ता : आपल्याकडं असं डोंगरावरचं गाव म्हणजे महाबळेश्वरच.

गुरुजी : लांब कशाला जातोस? हे सगळे निघालेत कुठं? तुळजापूर डोंगरावरचंच, आणि नगरपालिकेचंच गाव आहे. तू रोज घाट चढतोस की.

दत्ता : चढतो, पण डोंगर वाटत नाही ओ. तिसऱ्या गिअरवर वर गेलं की संपलं. पुढं धाराशिवपर्यंत सपाट. उतारच लागत नाही.

गुरुजी : अख्खा बालाघाट तू एका वाक्यात सांगितलास. आल्प्सचा डोंगर म्हणजे जमिनीला पडलेली घडी. इकडून चढा, तिकडून उतरा. आपला डोंगर तसा नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, पठार झालं, मग नद्यांनी त्याची कड कुरतडली. ती कुरतडलेली कड म्हणजे आपला घाट. सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. या दोनशेतला बराचसा चढ शेवटच्या वळणांवर एकदम येतो. ही चालणारी माणसं तिथंच बसतात, पाय धरून.

दत्ता : आणि देऊळ? महाद्वारातून आत गेलं की पायऱ्या उतरायला लागतात. देवी डोंगरावर, आन् जायचं खाली!

गुरुजी : गाव कडेवर, देऊळ कडेच्या खाली उतारावर, म्हणून. पठारावर मुरलेलं पाणी फटीफटीतून खाली जातं, घट्ट थर लागला की आडवं वळतं आणि उतारावर बाहेर पडतं. अशा डोंगरउतारावर गोमुखं, कुंडं दिसतात ती याच्यामुळं. आणखी एक. या कडेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस बोरीतून नळदुर्गाजवळून भीमेला, म्हणजे कृष्णेला जातो. उत्तरेचा तेरणा, मांजरा करत गोदावरीला.

दत्ता : मग वर राहतंय काय?

गुरुजी : थोडंच. म्हणून तर कृष्णा-मराठवाडा योजनेत खालचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून तुळजापूरजवळच्या रामदरा तलावात आणायचं ठरलं. जे पाणी आपणच खाली सोडतो, ते पंपानं परत वर! हसू येतं, पण कडेवर राहायचं तर दुसरा इलाज नाही.

दत्ता : एवढ्या गर्दीचं गाव म्हणजे तुळजापुरात लाख-दोन लाख माणूस असंल?

गुरुजी : 2001 ला 31,714. 2011 ला 34,011.

दत्ता : बस्स? नवरात्रात तर एवढी माणसं नुसती चपलांच्या ढिगापाशी असतात!

गुरुजी : शिरगणतीत माणूस दर्शनाला गेला तिथं धरत नाहीत, राहतो तिथं धरतात. शिवाय 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. तेव्हा अश्विनातलं नवरात्र कधीच उरकलेलं, पौषातलं शाकंभरीचंही संपलेलं. रस्ता, पाणी, संडास, कचरा या सगळ्यांचा भार लाखांचा आणि कागदावर माणसं चौतीस हजार. माझ्या मते देवस्थानाच्या गावाचा नुसता रहिवासी आकडा सांगणं म्हणजे टेम्पोचं वजन माल उतरवून करणं.

दत्ता : त्या झेरमॅटचं बी तसंच असणार.

गुरुजी : तसंच, पाहुणेच जास्त. फक्त तिथं राहायला आलेल्या माणसाची नोंद दप्तरात करावी लागते, त्यामुळं दरवर्षी 31 डिसेंबरचा आकडा मिळतो. आपण अजून 2011 च्याच आकड्यावर बोलतोय, त्यात तर जिल्ह्याचं नावही उस्मानाबाद आहे. आणि डोंगरावरचं गाव वाढतंच असं नाही हं. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी, नेरळहून छोटी रेल्वे 1907 पासून. पर्यटकांची झुंबड. तरी रहिवासी 2001 ला 5,139 होते ते 2011 ला 4,393 झाले.

दत्ता : पाहुणे वाढले आन् घरचे कमी झाले.

गुरुजी : घरचे खाली उतरले, एवढं खरं. का, ते एका आकड्यावरून सांगता येत नाही. पुढची शिरगणती 1 मार्च 2027 ही तारीख धरून आहे. लडाख, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी मात्र 1 ऑक्टोबर 2026, कारण फेब्रुवारीत तिथल्या काही वाड्यांपर्यंत पोचताच येत नाही.

दत्ता : माझा भाऊ पुण्यात कंपनीत हाय, सणाला येतो. रेशनकार्ड इथलंच. त्याला आपल्यात लिहायचं का?

गुरुजी : नाही. तो पुण्यात राहतो, पुण्यातच लिहिला जाईल. तुझी आई त्याचं नाव सांगेल हौसेनं, तिला आधी समजावून ठेव. नाहीतर एकच माणूस दोन ठिकाणी.