मांस साठवण्यास फ्रीझर उभा की आडवा?

प्रश्न : आम्ही जत तालुक्यात माडग्याळ मेंढ्या पाळतो. घरचे मटण, शिवाय पूर्वीप्रमाणे रानातल्या सशाचे मांस साठवायला कोणता डीप फ्रीझर घ्यावा?

उत्तर : प्रथम सशाचा निकाल लावू. पूर्वी जत संस्थानच्या अमलात शिकारीची मुभा कोणास असेल ती असो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये रानातला ससा मारणेच नव्हे, त्याचे मांस बाळगणे हाही गुन्हा आहे.

मटणापुरता मात्र माझा कौल निःसंशय आडव्या पेटीस. थंड हवा जड असल्यामुळे झाकण उघडले तरी ती बहुतांशी तळाशीच राहते, उलट उभ्या कपाटाचे दार उघडताच पायांवरून वाहून जाते. आणि ज्या मुलखात उन्हाळा कडक व विजेचा भरवसा बेताचा, तेथे हा भेद निर्णायक ठरतो, कारण पूर्ण भरलेली पेटी झाकण न उघडल्यास सुमारे ४८ तास, अर्धी भरलेली २४ तास माल गोठलेला राखते. शिवाय पुष्कळ उभी यंत्रे आपोआप बर्फ वितळवणारी असतात. त्यांतल्या फिरत्या कोरड्या हवेने, वेष्टन सैल असल्यास, मांसाची कड पांढुरकी व चामट होते.

तळाचे पुडके विस्मृतीत जाते, आणि ते काढताना कंबर धरते, हे आडवीचे खरे दोष. त्यावर तजवीज अशी की, पुडकी किलोभराची, चपटी, हवा दाबून काढलेली व तारीख घातलेली असावीत, आणि जुनी वर ठेवावीत. उणे १८ अंशांवर खिमा ४ महिन्यांत, तुकडे ९ महिन्यांत संपवावे. अख्खा मेंढा एकदम कोंबू नये; आणि पेटी पत्र्याच्या शेडात तर मुळीच ठेवू नये.