सगळं धरून म्हणजे काय काय धरून?

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत थंडी पडली की पुंता कानाचं नाव निघतंच. डोमिनिकन रिपब्लिकचा हा पूर्वेकडचा किनारा नेवार्कहून थेट विमानाने चार तासांवर आहे. विमानतळाचं छप्परही तिथल्या काना माडाच्या पानांनी शाकारलेलं, त्यामुळे उतरल्या उतरल्या कोकणात आल्यासारखं वाटतं. रिसॉर्टवर पोचलं की मनगटाला पट्टी बांधतात. मग खाणंपिणं, तलाव, पोरांचे खेळ, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम, कशालाच पाकीट काढायचं नाही. निदान जाहिरात तरी तसं सांगते.

पहिली फसगत दराची. ‘रात्रीला 150 डॉलर’ हा आकडा बहुतेक वेळा खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि तोही एका खोलीत दोघं राहणार हे गृहीत धरून. केटरर ताटावर दर लावतो तसंच हे. एकट्याने गेलात तर जास्त मोजावं लागतं. मुलांना सवलत कोणत्या वयापर्यंत, हे प्रत्येक रिसॉर्ट आपापलं ठरवतं. तेव्हा आकडा पाहून हुरळण्याआधी सगळ्यांची नावं आणि वयं घालून शेवटची रक्कम काढा. साधारण चांगल्या रिसॉर्टला मोठ्या माणसामागे रात्रीला 120 ते 200 डॉलर धरावेत. फक्त प्रौढांसाठीची, पोहण्याचा तलाव खोलीच्या दारात असलेली ठिकाणं 300च्या पुढे जातात. माझं मत विचाराल तर त्या तलावाचे पैसे वाया जातात, कारण दिवसभर माणूस समुद्रावरच असतो.

पट्टीत काय बसत नाही? विमानतळावरची ने-आण (आधी ठरवलेली गाडी एका बाजूला 30 ते 40 डॉलर), मसाज, लॉब्स्टर, भारी दारू, इंजिनावर चालणारे पाण्यातले खेळ, आणि डॉक्टर. रिसॉर्टमधल्या डॉक्टरकडे पोटदुखीसाठी गेलात तरी बिल बघून पोट पुन्हा दुखेल. म्हणून ओआरएस, नेहमीच्या गोळ्या आणि सनस्क्रीन घरूनच न्या. रिसॉर्टच्या दुकानात सनस्क्रीन सोन्याच्या भावाने मिळतं. बाहेर जेवायला गेलात तर मेन्यूवरच्या किमतीवर 18 टक्के कर आणि 10 टक्के कायदेशीर सेवाशुल्क चढतं, म्हणजे 100चे 128. ते दिल्यावर पुन्हा अमेरिकन सवयीने 20 टक्के टिप ठेवू नका. रिसॉर्टमध्ये मात्र खोली झाडणाऱ्या बाईंसाठी रोज एक-दोन डॉलर ठेवावेत. त्यासाठी सुट्ट्या नोटा सोबत असू द्या.

आता हंगाम. हा मुद्दा मी पैशांच्याही वर ठेवीन. नाताळ आणि मार्चची शाळेची सुट्टी सगळ्यात महाग. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, त्यातले ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर सगळ्यात धोक्याचे. सप्टेंबर 2022 मध्ये फियोना हे चक्रीवादळ याच पूर्व किनाऱ्यावर येऊन धडकलं होतं. त्या दिवसांत दर पडतात, पण विमा घेतल्याशिवाय त्या दरांना भुलू नका. वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा त्या वादळाची भरपाई देत नाही, म्हणून बुकिंग केलं की लगेच घ्यावा.

जाहिरातीत न दिसणारी गोष्ट म्हणजे सार्गासम. हे तपकिरी समुद्री शेवाळ 2011 पासून अटलांटिकवरून मोठ्या प्रमाणात वाहत येतंय. साधारण एप्रिल ते ऑगस्ट त्याचा जोर असतो. किनाऱ्यावर साचून कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. गंमत अशी की पुंता काना आणि शेजारचा बाव्हारो हे किनारे खरे अटलांटिकला लागून आहेत. कॅरिबियन समुद्र हवा असेल तर दक्षिणेला तासाभरावर बायाहिबेला जा. तिथे पाणी शांत, शेवाळ सहसा कमी, आणि साओना बेटाची बोटही तिथूनच सुटते. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी बायाहिबेच धरावं. पुंता कानाच्या उत्तरेला उवेरो आल्तोकडे रिसॉर्ट नवी आहेत, पण लाटा जोरकस. लहान मुलं असतील तर मी तिकडे जाणार नाही.

नवरा-बायको आणि आठ-दहा वर्षांची दोन मुलं, पाच रात्री, मे महिन्याची सुरुवात, असा हिशेब मांडू. विमान माणशी 400 धरलं तर 1,600. रिसॉर्ट मोठ्यांना 170 आणि मुलांना निम्मं धरून 2,550. गाडी 70, साओनाची सहल चौघांची 300, विमा 150, टिपा 100, किरकोळ 150. एकूण 4,920 डॉलर. हेच नाताळात केलंत तर आकडा सहज दीडपट होतो.

आणि भारतातून निघायचं तर? मुंबईहून थेट विमान नाही. तिकीटच माणशी लाखाच्या वर जातं आणि पोचेपर्यंत दिवस उलटतो. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. एवढ्यासाठी मुद्दाम निघू नये. अमेरिकेत मुलांकडे गेला असाल तर जोडून करावं.

कागदपत्रं सोपी आहेत, पण एक खाच आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा हातात ग्रीन कार्ड असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र एच-वन-बीची मुदत वाढली आणि पासपोर्टवरचा शिक्का संपलेला राहिला असेल, तर जाऊच नका. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीनंतर संपलेल्या शिक्क्यावर परतण्याची जी सूट मिळते, ती कॅरिबियन बेटांसाठी एच-वन-बीवाल्यांना नाही, आणि परतीची वाट अडते. येण्याजाण्याचा ई-तिकीट फॉर्म सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतो. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट बघून लगेच बाहेर पडा.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत, फक्त विचारायची लाज सोडावी लागते. घेवड्याच्या बियांच्या रश्शात कधीकधी डुकराचं मांस असतं, म्हणून ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढं स्पॅनिश पाठ करा. कच्च्या केळ्याच्या चेपून तळलेल्या चकत्या, तोस्तोनेस, पोरांना हमखास आवडतात. आणि सुट्टीत नेमकी चतुर्थी आलीच, तर बुफेत उकडलेला ‘युका’ शोधा. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा.