वाटून खाण्याचा केक

केक म्हटला की तो भट्टीतून निघालेला असावा, अशी आपली समजूत असते. ज्या घरात भट्टी नाही त्या घरची गृहिणी मग मंडळीच्या प्रीतिभोजनासाठी गोड आणण्याचे काम ओघानेच दुसऱ्या कोणाकडे सोपवते. नाताळच्या आधी मिश्रण कालवून ते बेकरीत भाजून आणण्याची रीत अनेक शहरांतल्या ख्रिस्ती वस्त्यांत होती. परंतु एरवीच्या रविवारी एवढा खटाटोप कोण करणार? परिणाम असा होतो की गोड आणणारी घरे ठरून जातात आणि खाणारी घरेही ठरून जातात. ज्या पदार्थाला भट्टी लागत नाही, अंडे लागत नाही, फेटण्याचे यंत्र लागत नाही, आणि जो एका पातेल्यात, एका शेगडीवर होतो, तो शिकून घेण्यात म्हणूनच केवळ चवीचा लाभ नाही. चॉकलेटचे पुडिंग आणि बिस्किटे यांचे थर देऊन केलेला केक हा असा पदार्थ आहे.

याची भावंडे जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेत विजेचे फ्रीज घरोघरी येण्यापूर्वी बर्फाच्या पेटीत पदार्थ थंड ठेवीत. त्या पेटीवरूनच तिथल्या अशा केकला ‘आइसबॉक्स केक’ हे नाव मिळाले. नॅबिस्को कंपनीची चॉकलेटची पातळ बिस्किटे १९२४ साली बाजारात आली, त्यांच्या वेष्टनावर या केकची कृती छापलेली असे, आणि पिढ्यानपिढ्या लोकांनी ती तिथूनच उचलली. ती बिस्किटे २०२३ साली बंद झाली, तेव्हा अनेक घरांत हळहळ व्यक्त झाली. श्रीलंकेत मारी बिस्किटे दुधात बुडवून चॉकलेटच्या थरांत रचतात. तो तेथील घरगुती समारंभांचा ठरलेला पदार्थ आहे. पोर्तुगालमध्ये तीच बिस्किटे कॉफीत भिजवून लोण्याच्या क्रीममध्ये रचतात. मारीच्या चुऱ्याचे आणि क्रीमचे ‘सेर्रादुरा’ तर आपल्या गोव्यातही मिळते. मारी बिस्किट मुळात इंग्लंडचे. लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने १८७४ साली रशियाची राजकन्या मारिया आणि एडिंबरोचे ड्यूक यांच्या विवाहानिमित्त ते काढले. राजघराण्याच्या लग्नाचे बिस्किट आज चहाच्या टपरीवर बरणीत असते, ही त्याची प्रगतीच म्हणावी.

वाचकहो, पाककृतीच्या पुस्तकांत साहित्य आधी येते आणि ‘इतक्या जणांसाठी’ ही ओळ कोपऱ्यात असते. वाटून खाण्याच्या पदार्थाचा विचार मात्र उलट्या बाजूने करावा लागतो. आधी माणसे मोजावीत, मग बिस्किटे. पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आपण प्रभुभोजनाच्या संदर्भात नेहमी ऐकतो. पण त्यातील तक्रार अगदी जेवणाचीच आहे. काहीजण आपापले आधी खाऊन घेत आणि काहींना उपाशी राहावे लागे. ज्यांच्या वेळेवर दुसऱ्याचा हक्क असे, ते श्रमकरी आणि दास उशिरा पोहोचत असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आपल्याकडे कोणी मुद्दाम असे करीत नाही. तरीही रांगेत शेवटी उभी असलेली आजीबाई टेबलापाशी पोहोचते तेव्हा ट्रेमध्ये चुराच उरलेला असतो, हे पुष्कळदा घडते. त्यात दुष्टपणा नसतो, मोजणी नसते.

आणि मोजणी केवळ डोक्यांची नाही. कोण काय खात नाही, तेही मोजावे. या बाबतीत कस्टर्ड पावडरचा जन्म लक्षात ठेवण्याजोगा आहे. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना अंडी सोसत नसत, आणि अंड्याशिवाय कस्टर्ड होत नसे. बर्ड यांनी १८३७ साली अंड्याऐवजी कॉर्नफ्लॉवर वापरून कस्टर्ड केले. आपल्या फडताळातली कस्टर्ड पावडर म्हणजे आजही मुख्यतः कॉर्नफ्लॉवर, रंग आणि सुवासच. घरातल्या एका व्यक्तीला ताटापासून दूर ठेवायचे नाही म्हणून जो पदार्थ घडला, तो पुढे अंडी खाणाऱ्यांनीही आनंदाने खाल्ला. आपला केक याच मार्गाने जातो. अंडी न खाणारा शेजारी निराळी वाटी मागत नाही. तो सर्वांबरोबर त्याच ट्रेमधला तुकडा घेतो.

मात्र अंडे नाही म्हणजे झाले, असे समजू नये. पुडिंग घट्ट करण्यासाठी कित्येकजण जिलेटिन घालतात. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून व हाडांपासून काढतात. शाकाहारी हिंदू व जैन ते घेणार नाहीत, आणि मुसलमान शेजाऱ्यांनाही ते कोणत्या जनावराचे असा प्रश्न पडेल. कॉर्नफ्लॉवरने ते काम होत असताना जिलेटिनचा मोह टाळावा. बिस्किटांच्या पुड्यावर हिरवा ठिपका पाहून घ्यावा. शाकाहारी पदार्थांच्या वेष्टनावर आपल्या देशात तो छापणे बंधनकारक आहे. रम किंवा वाइनमध्ये बिस्किटे भिजवण्याची शिफारस काही पुस्तकांत आढळते. मुले जिथे खाणार तिथे ती मनावर घेऊ नये. अक्रोड-बदाम थरांत लपवण्यापेक्षा वेगळ्या वाटीत ठेवावेत, कारण सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला आत काय आहे ते दिसत नाही.

आता साहित्य. खाली दिलेले प्रमाण २३ सेंटिमीटर रुंद, ३३ सेंटिमीटर लांब आणि किमान ५ सेंटिमीटर खोल अशा ट्रेचे आहे. त्यातून चोवीस तुकडे निघतात. दूध दीड लिटर, कॉर्नफ्लॉवर १२० ग्रॅम, कोको पावडर ७५ ग्रॅम, साखर २४० ग्रॅम, लोणी ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिलाचे दोन छोटे चमचे, आणि मारी किंवा साधी, क्रीम नसलेली चॉकलेट बिस्किटे सुमारे ३५० ग्रॅम. बिस्किटे बुडवण्यासाठी आणखी एक वाटी दूध. घरी तराजू नसल्यास दीडशे मिलिलिटरच्या वाटीने कॉर्नफ्लॉवर दीड वाटी, कोको एक वाटी शिगोशीग आणि साखर दोन वाट्यांना थोडी कमी, असे घ्यावे. ट्रे नसेल तर काठ असलेले कोणतेही खोल ताट चालेल. चौकोनी तुकड्यांऐवजी वड्या पाडाव्यात, एवढेच.

दोन गोष्टींत गल्लत होते. कॉर्नफ्लॉवर म्हणजे पांढरे, मऊ स्टार्च. भाकरीचे पिवळे मक्याचे पीठ नव्हे. आणि कोको पावडर म्हणजे दुधात घालून प्यायचे चॉकलेट नव्हे. त्या पिण्याच्या पावडरीत निम्म्याहून अधिक बहुधा साखरच असते. ती वापरली तर केक नुसताच गोड होईल, चॉकलेटचा होणार नाही. दुधाबद्दल फार चिंता नको. फुल क्रीम दुधात सहा टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात तीन टक्के. टोन्ड घेतल्यास लोणी पुरते घालावे. फुल क्रीम घेतल्यास ते निम्मे केले तरी चालते.

कोकोत स्निग्धांश असल्याने तो पाण्याला वा दुधाला लवकर स्वीकारत नाही. सरळ दुधात टाकल्यास वर तरंगतो व गुठळ्या धरतो. म्हणून जाड बुडाच्या पातेल्यात साखर, कोको, कॉर्नफ्लॉवर आणि मीठ कोरडेच एकत्र करावे. साखरेचे कण कोकोच्या गुठळ्या फोडतात. मग त्यात थोडे थोडे गार दूध घालीत इडलीच्या पिठाइतके सरसरीत कालवून घ्यावे. दूध गारच हवे. गरम दुधात कॉर्नफ्लॉवरच्या प्रत्येक गुठळीभोवती शिजलेले कवच धरते आणि आत कोरडे पीठ राहते. गुठळ्या मोडल्या की उरलेले दूध ओतावे, पातेले मध्यम आचेवर ठेवावे आणि लाकडी चमच्याने तळ खरवडत ढवळत राहावे.

पहिली आठ-दहा मिनिटे काहीच घडत नाही, आणि इथेच हात थांबतो. स्टार्चचे कण पाणी शोषून फुगू लागतात ते दूध चांगले तापल्यावर. पण एकदा सुरुवात झाली की मिश्रण बघता बघता दाट होते, आणि तळ लागतो तोही याच घटकेला. दाट दिसले म्हणून लगेच उतरवू नये. मधोमध बुडबुडे फुटू लागल्यानंतर आच मंद करून पूर्ण दोन मिनिटे ढवळावे. अर्धवट शिजलेल्या कॉर्नफ्लॉवरची कच्ची, पिठूळ चव जिभेवर राहते आणि असे पुडिंग दुसऱ्या दिवशी पाणी सोडते. खाली उतरवून लोणी व व्हॅनिला मिसळावे. त्यानंतर मात्र फार घोटू नये. शिजलेले स्टार्च जोराने घोटल्यास पातळ होते.

थर पुडिंग गरम असतानाच द्यावेत, कारण निवले की ते पसरत नाही. ट्रेच्या तळाशी बिस्किटे मांडावीत. प्रत्येक बिस्किट दुधात टाकून लगेच काढावे, भिजत ठेवू नये. फटी मोडक्या तुकड्यांनी बुजवाव्यात. त्यावर पुडिंगचा तिसरा हिस्सा, पुन्हा बिस्किटे, पुन्हा पुडिंग. असे तीन थर बिस्किटांचे, तीन पुडिंगचे. वर साय धरू नये म्हणून स्वच्छ बटर पेपर पृष्ठभागाला टेकवून ठेवावा. रात्रभरात पुडिंगमधला ओलावा कोरड्या बिस्किटांत उतरतो आणि बिस्किट आपला कुरकुरीतपणा सोडून केकसारखे मऊ होते. त्याला आठ तास हवेत. घाई असलेल्याने हा पदार्थ करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. दोन तासांनी कापलेल्या ट्रेमध्ये पुडिंग वेगळे आणि बिस्किट वेगळे लागते. क्रीमची बिस्किटे का नकोत, तेही यातच आले. मधल्या चरबीच्या थरातून ओलावा पलीकडे जात नाही.

भट्टी लागत नसली तरी फ्रीज लागतो. स्वतःचा नसल्यास शेजारणीला आदल्या रात्रीपुरता एक कप्पा मागावा. मागण्यात कमीपणा नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुकडा तर तिच्याकडे जाणारच आहे. इथे काळजीची खरी जागा येते. दूध आणि स्टार्च यांचा पदार्थ जिवाणूंना मोठा प्रिय. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतही तग धरतात आणि पदार्थ कोमट राहिला की पुन्हा वाढू लागतात. त्यांच्या विषाने उलट्या-जुलाब होतात, आणि ते विष वासाने वा चवीने कळेलच असे नाही. म्हणून भरलेला ट्रे थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववावा आणि दोन तासांच्या आत पाच अंश सेल्सिअसच्या खालच्या थंडाव्यात जाईल असे पाहावे. वाढतानाही हाच हिशेब. बाहेर काढल्यापासून दोन तास; नागपूर, अहमदाबाद वा चेन्नईच्या उन्हाळ्यात पारा बत्तिसाच्या वर असतो तेव्हा एकच तास. उपासना अकराला सुटणार असेल आणि जेवण एकला असेल, तर सकाळी आठला ट्रे सभागृहात आणून ठेवणे म्हणजे लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या पोटाशी खेळ होय. पाण्याने भरून गोठवलेल्या बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात तळाशी घालून त्यावर ट्रे ठेवला तर रिक्षाचा वा लोकलचा प्रवास निभावतो. डिसेंबरात दिल्लीकरांनी खोली गार आहे म्हणून फ्रीज टाळू नये. दिवसा ऊन पडले की खोलीचा भरवसा नसतो.

कापण्याचे काम रांग लागण्यापूर्वी उरकावे. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी. लांबीत सहा व रुंदीत चार भाग केले की चोवीस तुकडे होतात. माणसे अधिक असतील तर सात आणि पाच करून पस्तीस. निम्मी रांग पुढे गेल्यावर तुकडे लहान करू लागणे हा मागच्यांचा अपमान आहे, मग त्यामागचा हेतू काहीही असो. कोपऱ्यातला पहिला तुकडा हमखास मोडतो. तो करणाऱ्याने खावा. चोवीसपैकी एका तुकड्यात बिस्किटांतील साखर सोडून दहा ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन छोटे चमचे साखर येते. ही गोष्ट मधुमेह असलेल्यांना आधी सांगावी आणि पुढचे त्यांच्यावर सोडावे. ‘आज चालते’ असा आग्रह प्रेमाचा वाटला तरी त्याचा भार दुसऱ्याच्या शरीराला पडतो.

शेजारी पाठवणार असाल तर दिनदर्शिका पाहावी. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी उपवास असलेल्या घरात बिस्किटे चालत नाहीत. रमजानमध्ये ताट सूर्यास्ताच्या सुमारास पोहोचलेले बरे. दिवाळीत ज्या घरातून फराळाचे ताट आले, ते ताट रिकामे परत करू नये ही आपली जुनी रीत आहे. त्या ताटात हा तुकडा शोभतो. चिठ्ठीवर ‘अंडे नाही, जिलेटिन नाही’ एवढे लिहावे, म्हणजे विचारण्याचा संकोच उरत नाही.

उरलेला केक झाकून फ्रीजमध्ये ठेवल्यास आणखी दोन दिवस चांगला राहतो. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये. गोठून वितळल्यावर कॉर्नफ्लॉवर पाणी सोडते आणि पुडिंग स्पंजासारखे भोकाळ होते.